पांढरं, अठरा नंबर, चार भोकं

पाकिटावर परतीचा पत्ता म्हणून कंपनीच्या गोदामाचा पत्ता छापलेला होता. कोटवाल्या मास्तरांनी त्यावर दोन आडव्या रेघा मारून खाली हाताने घराचा पत्ता लिहिला होता, म्हणून ते पाकीट सकाळी दहाच्या सुमारास बटणवाल्याच्या दारात आलं. मास्तर दुसऱ्या गावचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे आणि बँडवाल्यांचे पांढरे कोट शिवणारे, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. पाकिटात सोळा पांढरी बटणं होती, वेगळ्या पुडीत एका जुन्या कोटावरून उसवून काढलेलं एक बटण होतं, आणि चिठ्ठी होती. ‘शेठ, सोळा मागवली, सोळा आली, पण जाती चार आल्या. एका कोटाला चार पांढरे कसे लावू? सोबतच्या नमुन्यासारखी पाठवा. घाई आहे.’ बटणवाल्याने चिठ्ठी वाचली आणि कंपनीला मनातल्या मनात एक ठेवणीतली शिवी हासडली. शिवी हासडून झाल्यावर त्याने बटणं पाहिली. सोळा पांढरी बटणं. त्याने चष्मा पुसला. पुन्हा सोळा पांढरी बटणं. मग त्याने ती खिडकीशी नेली, ओळीने मांडली, पालथी केली, सुलटी केली, नमुन्याचं बटण एकेकाच्या शेजारी ठेवून पाहिलं. बऱ्याच वेळाने तीन बटणं जराशी निळसर वाटली. ती बाजूला काढली, दाढी करून आला आणि बघतो तर ती तीन कशासाठी बाजूला काढली होती तेच कळेना. चाळीस वर्षं बटणं विकलेला माणूस. त्याने सगळी बटणं घाईघाईने पाकिटात कोंबली, जसं काही कोणी बघत होतं. बघणारं तर घरात कोणी उरलं नव्हतं.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते, आणि माल घराबाहेर जाऊन तीन. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत माल, आणि त्याच्याही मागे राहणं, असं त्यांचं सगळं आयुष्य एका सरळ रेषेत होतं. गिऱ्हाइकांशी बोलायचं त्याने, फोन घ्यायचे त्याने, आणि मागून माल काढून, मोजून, पुड्या बांधून पाठवायचा तिने. तो पुढून ओरडायचा, “पांढरं, अठरा नंबर, चार भोकं, दोन डझन.” आतून आवाज यायचा, “कुठलं पांढरं?” तो म्हणायचा, “पांढरं म्हणजे पांढरं.” मग ती हात पुसत पुढे यायची, गिऱ्हाइकाचा कपडा नाहीतर पोस्टाने आलेला नमुना हातात घ्यायची, एकदा बघायची आणि आत जायची. त्या येण्याजाण्यात पाच मिनिटं जायची आणि त्या पाच मिनिटांचा त्याला भारी राग यायचा. बायकांना कशातही बारीक काहीतरी काढायची खोड असते असं तो गिऱ्हाइकाला डोळा मारून सांगायचा. तिच्याकडे अठरा नंबरच्या चार भोकांच्या पांढऱ्या बटणांचे अकरा खोके होते. अकरा. कुठलं दुधासारखं, कुठलं उकडलेल्या अंड्यासारखं, कुठलं नुसतंच थकलेलं पांढरं. वेगवेगळ्या कारखान्यांचे, वेगवेगळ्या सालचे. एकावरही चिठ्ठी नव्हती. प्रत्येक खोक्याच्या तोंडावर तिने त्यातलंच एक बटण दोऱ्याने शिवून ठेवलेलं असायचं, तीच त्याची पाटी. तिने कधी कोणाला चुकीचं पांढरं पाठवलं नाही, आणि हे आपल्या दुकानाचं नाव आहे असं तो आयुष्यभर चारचौघांत सांगत आला होता.

ती गेल्यावर ऑर्डरी तुंबायला लागल्या. लेकीला वाटलं, बाबा खचलेत. लेक आली की तो मागच्या खोलीत स्टुलावर बसलेला असायचा, समोर खोक्यांच्या भिंती. “बाबा, दिवसभर इथे काय करता?” “काम करतो.” “नुसते बसलाय.” नुसता बसलेला नव्हता तो. त्याला सापडत नव्हतं. पितळी हूक कुठे, कोटाची मोठी बटणं कुठे, काळ्या चेन कुठल्या फळीवर, काही म्हणता काही सापडत नव्हतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मालात तो आंधळ्यासारखा चाचपडत होता, आणि लेकीला ते सांगण्यापेक्षा खचलेला बाप दिसणं त्याला जास्त बरं वाटत होतं. मग एका रविवारी जावई आला, फोनवर बोलायला कानाला लावायचं ते यंत्र कानातच ठेवून जेवला आणि म्हणाला, “बाबा, साठवण, बांधणी, रवानगी, हे आता कोणी घरी करत नाही. बाहेर द्यायचं. त्यांची मोठी गोदामं असतात, माणसं असतात, संगणक असतात. तुम्ही फक्त ऑर्डर घ्यायची. तिकडे ती दिसली की माल आपोआप निघतो.”

“आपोआप म्हणजे कोण काढतं?”

“ते काढतात.”

“ते म्हणजे कोण?”

“बाबा, ते म्हणजे ते. तुम्हाला त्याचं काय करायचंय? तोच तर फायदा आहे.”

जावयाने आयुष्यात एक पुडी बांधली नव्हती. पण उंटावरून शेळ्या कशा हाकाव्यात यावर तो माणूस तासभर बोलू शकत होता आणि बोलला. बटणवाला ऐकत राहिला. मनात म्हणाला, ज्याला चहा गाळायला माणूस लागतो तो मला धंदा शिकवतोय. आणि तोंडाने म्हणाला, “बघा, तुम्हाला योग्य वाटतं ते करा.” आठवड्यात कंपनीची दोन माणसं आली, सारख्या रंगाचे सदरे घातलेली. दीड दिवसात त्यांनी दोन खोल्या धुऊन नेल्यासारख्या रिकाम्या केल्या. तीस वर्षांचं काम दीड दिवसात. माल उचलण्याआधी त्यांनी एक तक्ता दिला होता, तो त्यानेच भरून दिला होता, पण तो विषय वेगळा.

पाकीट आलं त्याच सकाळी त्याने जावयाला फोन केला. त्याला वाटलं होतं, जावई जरा ओशाळेल. जावई म्हणाला, “सोळा पाठवली ना? मग संख्या बरोबर आहे.” मग म्हणाला, “बाबा, शुक्रवारी तपासणीची मुदत संपतेय. गोदामात माल पूर्ण आणि बरोबर आहे अशी तुमची सही लागते, त्यानंतर तक्रार चालत नाही. जे काय असेल ते शुक्रवारच्या आत सांगा.” फोनमध्ये मागे लेकीचा आवाज आला, “त्यांना म्हणावं रागावू नका, रक्तदाब आहे.” बटणवाल्याला एकदम मोकळं वाटलं. सहीच करायची नाही. जायचं, तोंडावर चार शब्द सुनवायचे, सगळा माल घरी आणायचा. तिचे अकरा पांढरे जसे होते तसे परत फळीवर. निदान तेवढं तरी. तिने हाताने लावलेलं जगात आता दुसरं होतं काय? कपडे लेकीने वाटून टाकले होते, भांडी तिनेच जायच्या आधी कोणाकोणाला देऊन टाकली होती. फोटोत ती लग्नातल्या माणसांच्या तिसऱ्या ओळीत, अर्धी. राहिलं होतं ते हे, की कुठलं बटण कुठल्या बटणाबरोबर राहतं हे तिने ठरवलं होतं.

गोदाम शहराबाहेर होतं, जिथे रस्त्याला नाव देण्याइतकीही कोणी तसदी घेतली नव्हती, नुसते आकडे. फाटकावरच्या माणसाने त्याला एक पिवळा बिनबाह्यांचा अंगरखा दिला आणि गळ्यात ‘पाहुणा’ असं लिहिलेला बिल्ला अडकवला. स्वतःच्या मालाच्या दारात पाहुणा. आत जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले होते आणि पट्ट्याच्या आत चाला, पट्ट्याच्या बाहेर नको, असं दर वीस पावलांवर लिहिलेलं होतं. छत इतकं उंच की पाखरू शिरलं तर म्हातारं होऊन खाली येईल. फळ्यांवर फळ्या, फळ्यांवर निळे क्रेट, कोणाकोणाचा माल, कोणाचे साबण, कोणाच्या चपला, कोणाची पुस्तकं, आणि त्यात कुठेतरी त्याच्या बायकोची बटणं. माणसं हातात छोटं यंत्र घेऊन जवळजवळ पळत होती. यंत्र सांगेल त्या क्रेटपाशी थांबायचं, यंत्र सांगेल तेवढं काढायचं, की पुढे. एकाही माणसाने काढलेल्या वस्तूकडे बघितलं नाही. बटणवाल्याला त्यांची कीव यायला हवी होती, पण त्याला त्यांची किळस आली. निदान बघा तरी, तो मनात म्हणाला, ज्याला हात लावताय त्याच्याकडे बघा तरी एकदा.

मॅनेजर पस्तिशीचा होता, हसरा, स्वच्छ, फार स्वच्छ. “या काका, बसा. आपण भागीदार आहोत. तुमच्या मालाची आम्ही घरच्यासारखी काळजी घेतो.” घरच्यासारखी म्हणजे कशी, हे याला कोणी सांगितलं? बटणवाल्याने पाकीट टेबलावर उपडं केलं. “ही बघा तुमची काळजी. चार जातीची बटणं एका पाकिटात. माझ्या दुकानातून तीस वर्षांत असं पाकीट गेलं नाही.” मॅनेजरने बटणं बघितली. बटणवाल्याने सकाळी बघितली होती अगदी तशीच बघितली, आणि ते बटणवाल्याला मुळीच आवडलं नाही.

“सगळी पांढरीच आहेत ना काका?”

“पांढरी आहेत. पण सारखी नाहीत.”

“म्हणजे यातली वेगळी कुठली?”

“तुम्हाला दिसत नाही?”

“नाही दिसत. दाखवता का?”

बटणवाल्याने खिडकीच्या दिशेने तोंड केलं. खोलीला खिडकी नव्हती, खिडकीचं चित्र होतं. “गिऱ्हाइकाने लिहून दिलंय,” तो म्हणाला. “पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे. तो काय खोटं बोलेल?” मॅनेजर म्हणाला, छे, खोटं कशाला, बघू या. त्याने पडद्यावर काहीतरी दाबलं आणि एक कागद छापून बाहेर आला. तो तक्ता होता. कंपनीच्या माणसांनी दिलेला, बटणवाल्याने भरलेला, त्याच्या तिरक्या अक्षरातला. वर्णन, रंग, आकार, नग. एकतीस ते एक्केचाळीस अशा अकरा ओळी, आणि अकराही ओळींत एकच मजकूर: पांढरं, अठरा नंबर, चार भोकं. “संगणकाला एकच वस्तू अकरा वेळा आली असं वाटलं काका, म्हणून त्याने एकत्र केलं. यात चूक आमची नाही असं मी म्हणत नाही,” मॅनेजर म्हणाला. त्याची चूक नव्हतीच, आणि तो ते इतक्या गोड आवाजात म्हणत नव्हता की बटणवाल्याला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली. “आणि खोके? प्रत्येक खोक्यावर नमुना शिवलेला होता.” मॅनेजरने आणखी एक कागद काढला. रिकामे खोके परत हवेत का, असा प्रश्न होता. खाली त्याच तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नको. फेकून द्या.’

ते लिहिलं तो दिवस त्याला आठवला. आठवायचा नव्हता, पण आठवला. कंपनीचा माणूस दारात उभा होता, तक्ता मागत होता, आणि हा मागच्या खोलीत अकरा खोक्यांसमोर पेन घेऊन बसला होता. काय लिहायचं? पहिल्या खोक्यावरचं बटण बघितलं, दुसऱ्यावरचं बघितलं. तिने एकदा, लग्नाच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, त्याला शेजारी बसवून शिकवायचा प्रयत्न केला होता. “अहो, इकडे बघा. हे आणि हे. कळतंय?” तो म्हणाला होता, कळतंय. कळलं नव्हतं. पण पुढे गिऱ्हाईक थांबलं होतं आणि तिच्यासमोर नाही कळत म्हणणं हे त्या वयात जिवावर येतं. मग तीस वर्षं तेच चाललं. इस्पितळातसुद्धा. शेवटच्या आठवड्यात ती पडल्या पडल्या म्हणाली, “ही चादर आणि ही उशीची खोळ एका गिरणीतली नाही.” तो म्हणाला, “डोळे मीट आता.” ती म्हणाली, “तुम्हाला दिसतंय का पण?” तो म्हणाला, “दिसतंय.” दोन्ही पांढऱ्या होत्या. ती थोडी हसली होती, आणि ते हसणं समाधानाचं होतं की तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, याचा निकाल त्याला आठ महिन्यांत लावता आला नव्हता. त्या तक्त्यापुढे बसून त्याने अकरा वेळा तेच लिहिलं, चौथ्या ओळीपासून तर खोका न बघताच. आणि खोके फेकून द्या असं लिहिताना, आता खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं होतं.

“एक करता येईल काका,” मॅनेजर म्हणाला. “आमच्याकडे परत आलेल्या मालाच्या विभागात एक बाई आहेत. त्या बघतील. आज वेगळं झालं तर आज नोंद करू, म्हणजे शुक्रवारची सहीसुद्धा आजच होऊन जाईल.” सहीचा विषय त्याने असा काढला की जणू चहाच विचारतोय.

बाई चाळिशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात, हात कोरडे, बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागून काळे डाग पडलेले. गोदामाच्या मागच्या दाराशी त्यांचं टेबल होतं. परत आलेले सदरे, फुटके पेले, एका पायाच्या चपला, लोकांनी नाकारलेलं सगळं त्यांच्यापुढे येऊन पडत होतं. निळा क्रेट टेबलावर आला. दोनेक हजार पांढरी बटणं. बटणवाल्याला वाटलं, ही काय करणार. यंत्राच्या मागे पळणाऱ्यांपैकीच एक, फक्त बसलेली. बाईंनी क्रेटात हात घातला, मूठभर बटणं तळहातावर घेतली, चष्मा लावायच्या ऐवजी काढला, आणि टेबलाचं एक टोक धरून म्हणाल्या, “काका, जरा हात लावा. दारात घेऊ. दिव्याखाली सगळं सारखं दिसतं.” दारात घेतलं. “उन्हात नको, सावलीत.” सावलीत घेतलं. आणि मग त्या बसल्या आणि धान्य निवडावं तशी बटणं निवडायला लागल्या. पहिल्या दहा मिनिटांत पाच ढीग झाले.

“तुम्ही पूर्वी या धंद्यात होता का?” त्याने विचारलं. आवाजात कुत्सितपणा आणायचा होता, तो नीट आला नाही.

“नाही हो. दोन पोरी आहेत, दोघींचे शाळेचे पांढरे सदरे. एकीचा दुसरीला चालत नाही.” त्या हसल्या. “तुम्ही पण घ्या की काका. तुमचं तर आयुष्य गेलं यात. दोघांनी केलं तर लवकर होईल.”

त्याने स्टूल ओढलं. एक बटण उचललं, पाच ढिगांवरून हात फिरवला, आणि एकात टाकलं. बाईंनी ते उचलून दुसऱ्यात टाकलं. त्याने दुसरं टाकलं. त्यांनी तेही हलवलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही असं करा, मोजून पिशव्यांत भरा.” अगदी सहज म्हणाल्या, लहान मुलाला वाटाणे सोलायला द्यावेत तसं. तो मोजायला लागला. मोजता त्याला येत होतं. दुपार सरकली, सावली टेबलावरून खाली उतरली, सहा ढीग झाले, आठ झाले. बाईंची बोटं एका विशिष्ट वेळी थांबायची, बटण कलंडायचं, आणि मग ठाम जायची. ते कलंडणं तो ओळखत होता. पुढच्या खोलीच्या दारात, हात पुसल्यावर, कोणाच्या तरी कोटाची बाही धरून, अगदी हेच कलंडणं. तीस वर्षं तो त्या वेळी घड्याळाकडे बघत होता. त्याला जावयाची आठवण झाली, आपोआप निघतं म्हणणाऱ्या. आपोआप म्हणजे कोण काढतं, असं त्याने मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं. त्याच्या दुकानात तरी दुसरं काय होत होतं? हा पुढून ओरडायचा आणि माल आपोआप निघायचा. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या माणसाने ओंजळीला नावं ठेवत जन्म काढला होता, आणि आता ती ओंजळ नाही म्हटल्यावर कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता.

पाचच्या सुमारास दहा ढीग झाले आणि क्रेट रिकामा झाला. बाईंनी पाठ सरळ केली. मास्तरांचं नमुन्याचं बटण घेऊन त्या ढिगांवरून गेल्या आणि सातव्यापाशी थांबल्या. “हे तुमच्या मास्तरांचं.” मग तिथेच थांबून राहिल्या. सातव्या ढिगातली दहा-बारा बटणं तळहातावर घेतली, चष्मा लावला, काढला. मॅनेजर कागद घेऊन आला होता. त्याने ढीग मोजले. “दहा. तक्त्यावर अकरा आहेत. एखादी ओळ दोनदा लिहिली गेली असेल, नाही का काका?”

“थांबा हो साहेब,” बाई म्हणाल्या. “या सातव्यात मला दोन दिसतायत. दिसतायत म्हणजे, आहेत असं वाटतंय. एक जरासं... आता उजेड गेला. उद्या सकाळी नऊला मी येते, तेव्हा दारात बघू. सकाळी नक्की सांगते.” त्यांनी बटणवाल्याकडे बघितलं. “काका, तुमच्याकडे किती होते?”

त्याने सातव्या ढिगाकडे बघितलं. मनापासून बघितलं, त्या सकाळपेक्षा, त्या लग्नानंतरच्या दिवसापेक्षा, जन्मात कधी बघितलं नसेल तितकं बघितलं. पांढरं. सगळं पांढरं. तो वाकला, नाक ढिगाला लागेल इतका वाकला. उद्या सकाळी नऊ वाजता ही बाई इथे बसेल, सावलीत, आणि जे त्याच्या बायकोच्या डोळ्यांना दिसत होतं ते हिच्या डोळ्यांना दिसेल. हिला, डिंकाच्या बोटांच्या, पोरींच्या सदऱ्यांवर शिकलेल्या या बाईला. आणि तो शेजारी स्टुलावर मोजत बसलेला असेल. हिला चार तासांत दिसलं. म्हणजे दिसण्यासारखं होतं. अवघड नव्हतं. नुसतं बघायचं होतं.

“दहाच,” तो म्हणाला.

“नक्की? कारण मला आपलं...”

“बाई, माल माझा आहे. चाळीस वर्षं हा धंदा करतोय मी. दहाच होते.” हा आवाज त्याचा दुकानातला होता, पुढच्या खोलीतला, आणि तो किती दिवसांनी इतका खणखणीत लागला होता. बाईंनी हातातली बटणं सातव्या ढिगात परत सोडली, हात झटकला आणि म्हणाल्या, “तुम्ही म्हणता तसं.” त्यांनी हे म्हटल्यावर त्याला त्यांचा तिरस्कार वाटला, इतक्या लवकर ऐकल्याबद्दल. एकदा तरी पुन्हा विचारायला हवं होतं. ती विचारायची. मॅनेजरने कागद पुढे केला, माल पूर्ण व बरोबर आहे, दिनांक, सही. त्याने सही केली. सातव्या ढिगातली सोळा बटणं मोजून पाकिटात घातली, मास्तरांचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला, आणि ‘पाहुणा’ काढून फाटकावर देऊन बसने घरी आला. जावयाचा फोन आला होता. “झालं का सगळं नीट, बाबा?” “झालं.” “बघा, मी म्हटलं नव्हतं?”

पाच दिवसांनी, सकाळीच, मास्तरांचा फोन आला. मास्तर फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचे, दोन गावांमधलं अंतर आवाजाने कापायचं असल्यासारखं. “शेठ, बटणं पोचली. कोट गेले पण. पार्टी खूष आहे.”

“बरं झालं.”

“आता खरं सांगू का, रागावणार नसाल तर?”

“सांगा की मास्तर.”

“सोळातली पाच जरा वेगळी निघाली. फार नाही हां. कोणाला कळणारसुद्धा नाही. मी ती बाहीला लावली, पुढे नाही लावली. म्हटलं शेठला कळवावं की नाही. पण तुमच्याकडून असं कधी आलं नव्हतं, म्हणून आपलं.” मग मास्तरांनी आवाज खाली आणला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. “वहिनींची नजर कमी झाली का हो? होतं, वयाचं आहे, माझंही सुईत दोरा ओवायला आता सून लागते. एवढंच म्हणतो, त्यांना सांगू नका. त्यांच्या फार मनाला लागेल ते.”

फोनमध्ये मास्तरांच्या मागे शिलाईचं यंत्र चाललेलं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. मास्तर उत्तराची वाट बघत होते. बटणवाला पुढच्या खोलीत उभा होता. मागच्या दोन्ही खोल्यांची दारं उघडी होती आणि आत नुसत्या फळ्या होत्या.

“नाही सांगत,” तो म्हणाला.